गाडीच्या काचांवर गडद फिल्म लावण्यापूर्वी: सोलापूरच्या उन्हात कायदा आणि विमा सांभाळण्याची पद्धत

एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेला की सोलापुरातील गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीज विकणाऱ्या दुकानांत एकच मागणी वाढते, ती म्हणजे काचांना फिल्म लावून देण्याची. कंपनीने दिलेली काच पुरेशी वाटत नाही, मागच्या आसनावर लहान मूल किंवा वृद्ध आई-वडील बसलेले असतात, आणि अक्कलकोट, तुळजापूर किंवा पंढरपूरला दुपारच्या वेळी जायचे असते. ही गरज खरी आहे आणि तिला कोणी नुसती हौस म्हणू नये. मात्र या कामात दुकानदार जी माहिती देतो ती बहुधा फिल्मच्या किमतीपुरती आणि वॉरंटीपुरती असते. काच किती गडद करता येते आणि पुढे अपघात झाला किंवा काच फुटली तर विमा कंपनी काय म्हणेल, या दोन प्रश्नांची उत्तरे गाडीमालकाला स्वतःच शोधावी लागतात. ती कोणत्या क्रमाने शोधावीत, हे या लेखात मांडले आहे.

आधी कायदा नीट समजून घ्या

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० हा या विषयाचा पाया आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे हा नियम सांगतो. या प्रमाणाला व्यवहारात ‘व्हीएलटी’ म्हणतात आणि फिल्मच्या खोक्यावरही हेच अक्षरसंक्षेप छापलेले असते.

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका विरुद्ध भारत सरकार या जनहित याचिकेवर निकाल देताना काचांवर काळी फिल्म किंवा अन्य कोणतेही साहित्य चिकटवण्यास, मग त्या फिल्मची व्हीएलटी कितीही असो, मनाई केली. ४ मे २०१२ पासून अंमलबजावणी करावी, अशा गाड्यांवर दंड आकारावा आणि फिल्म तेथेच काढून टाकावी, असे आदेश वाहतूक पोलिसांना देण्यात आले. गाडी तयार करतानाच काचेला रंगछटा दिलेली असेल आणि ७० व ५० टक्क्यांची मर्यादा पाळलेली असेल, तर त्याला हरकत नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट केले आहे.

त्यानंतर परिस्थितीत एक महत्त्वाचा बदल झाला. नियम १०० मध्ये दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली आणि ‘सेफ्टी ग्लास’ या शब्दांबरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हे शब्दही नियमात आले. आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काच या व्याख्येत बसते. या दुरुस्तीचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला की, फिल्मसह मोजलेली पारगम्यता, म्हणजे व्हीएलटी, ७० आणि ५० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर वाहनमालकाला दंड करता येणार नाही.

अनेक दुकानदार आता हाच निर्णय पुढे करून ‘फिल्म कायदेशीर झाली’ असे सांगतात. त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. तो निर्णय दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा आहे, सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल रद्द झालेला नाही, आणि सात रस्त्यावर किंवा पुणे नाक्यावर गाडी अडवणारा पोलीस हवालदार आधी काचेकडे पाहणार आहे, निकालपत्राकडे नाही. शिवाय केरळच्या निर्णयानेही गडद फिल्मला परवानगी दिलेली नाही. त्याने मर्यादेच्या आत राहणाऱ्या, म्हणजे जवळजवळ पारदर्शक फिल्मला मोकळीक दिली आहे. म्हणून ‘कंपनीच्या काचेपेक्षा बरीच गडद’ हा पर्याय कायद्याच्या कोणत्याही वाचनात बसत नाही, हे मनाशी पक्के करूनच पुढचे पाऊल टाकावे. विजापूर, इंडी किंवा गाणगापूरकडे जाणाऱ्यांसाठी सीमेपलीकडे नियम वेगळा नाही. हा केंद्राचा नियम असल्यामुळे कर्नाटकातही तोच लागू होतो.

दंडाची रक्कम छोटी आहे, म्हणून लोक हा विषय गांभीर्याने घेत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास १५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खरा खर्च दंडाचा नसून, रस्त्याच्या कडेला ब्लेडने ओरबाडून काढलेल्या फिल्मचा आणि विम्याच्या कागदांवर उमटणाऱ्या परिणामाचा असतो.

पहिली पायरी: आपल्या काचेचे गणित करा

या विषयातील सर्वांत मोठी चूक गणिताची असते. दुकानात ‘सत्तर टक्क्यांची फिल्म आहे, नियमात बसते’ असे सांगितले जाते आणि ग्राहक समाधानी होतो. पण ७० टक्के हा आकडा फक्त फिल्मचा असतो. काच स्वतःही काही प्रकाश अडवते आणि अंतिम पारगम्यता ही दोन्हींचा गुणाकार करून मिळते.

समजा, दरवाजाची काच ७८ टक्के प्रकाश सोडते. तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली तर एकूण ५४.६ टक्के उरतात, म्हणजे बाजूच्या काचेपुरते काम नियमात बसते. तीच काच जरा हिरवट छटेची, ७० टक्के प्रकाश सोडणारी असेल, तर त्याच फिल्मने आकडा ४९ वर येतो आणि गाडी नियमाबाहेर जाते. ५० टक्क्यांची फिल्म ७८ टक्क्यांच्या काचेवर लावली तर ३९ टक्के उरतात, आणि लोक आवडीने मागतात ती ३५ टक्क्यांची फिल्म लावली तर जेमतेम २७. पुढच्या काचेचे गणित आणखी कठीण आहे. ७८ टक्क्यांच्या काचेवर ९० टक्क्यांची, म्हणजे डोळ्यांना दिसणारच नाही अशी फिल्म लावली, तरी आकडा ७०.२ वर येऊन टेकतो. मागच्या काचेलाही ७० टक्क्यांचीच अट आहे, हे बहुतेकांच्या लक्षात नसते आणि ‘मागची काच कितीही काळी चालते’ असा गैरसमज शहरभर पसरलेला आहे.

म्हणून फिल्म निवडण्यापूर्वी दुकानदाराला टिंट मीटर, म्हणजे काचेतून किती टक्के प्रकाश जातो ते मोजणारे यंत्र, लावायला सांगावे. काच खाली-वर करून दोन्ही बाजू स्वच्छ पुसाव्यात, कारण धुळीनेही आकडा दोन-तीन टक्क्यांनी कमी दिसू शकतो. प्रत्येक काचेचे मोजमाप वेगळे घ्यावे. ज्या दुकानात हे यंत्र नाही, तेथे काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काचेच्या खालच्या कोपऱ्यात कोरलेली खूणही पाहावी. तेथे आयएसआय चिन्ह आणि काच लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली) आहे की टफन्ड (उष्णता देऊन कठीण केलेली) आहे, याचा उल्लेख असतो. या खुणेचा मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवावा. काच पूर्वी कधी बदलली आहे का, हा प्रश्न विम्याच्या दाव्यात निघाला तर तो उपयोगी पडतो.

दुसरी पायरी: गडदपणा आणि गारवा यांची फारकत करा

आपल्याला नेमके काय हवे आहे, हे येथे ठरवावे लागते. सूर्यप्रकाशातील ऊर्जेचा जवळपास निम्मा भाग अवरक्त किरणांतून येतो आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. साधी रंगीत फिल्म दिसणारा प्रकाश अडवते, त्यामुळे आत अंधार होतो, पण तापण्यात अपेक्षेइतका फरक पडत नाही. सिरॅमिक प्रकारची फिल्म दिसणारा प्रकाश बराचसा सोडून अवरक्त किरण रोखते. म्हणून दुकानात ‘किती काळी’ असे विचारण्याऐवजी ‘एकूण सौर ऊर्जा किती टक्के अडते’ असे विचारावे. हा आकडा फिल्मच्या माहितीपत्रकावर ‘टीएसईआर’ या नावाने छापलेला असतो. केवळ ‘९९ टक्के अतिनील किरण रोखते’ या जाहिरातीला भुलू नये, कारण पुढच्या लॅमिनेटेड काचेतील प्लास्टिकचा थर ते काम आधीपासूनच बहुतांशी करत असतो.

धातूचा थर असलेली फिल्म पुढच्या काचेवर अजिबात लावू नये. फास्टॅगचा स्टिकर काचेच्या आतल्या बाजूला असतो आणि धातूमुळे त्याच्या रेडिओ लहरी अडतात. पुण्याकडे जाताना सावळेश्वरच्या टोल नाक्यावर मागे रांग लागलेली असताना ‘टॅग वाचला जात नाही’ हे ऐकणे फार त्रासाचे असते.

फिल्म लावायचीच नसेल तर उभ्या गाडीसाठी पुढच्या काचेमागे लावण्याची चंदेरी घडी आणि दरवाजांच्या जाळ्या हा स्वस्त आणि प्रामाणिक उपाय आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी त्या काढाव्यात. न्यायालयाच्या निकालात ‘अन्य कोणतेही साहित्य’ असे शब्द आहेत, आणि चालत्या गाडीत जाळी लावलेली दिसली तर वाद ओढवतो.

तिसरी पायरी: काम करण्याआधी पॉलिसी वाचा

गाडीच्या सर्वसमावेशक पॉलिसीचे दोन भाग असतात. एक, दुसऱ्याला झालेल्या हानीची भरपाई करणारा थर्ड पार्टी भाग, जो कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. दुसरा, आपल्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ‘ओन डॅमेज’ भाग. फिल्मचा संबंध मुख्यतः दुसऱ्या भागाशी येतो.

काचेच्या बाबतीत पॉलिसी उदार आहे. प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापला जातो, पण काचेवर घसारा शून्य असतो. फिल्म मात्र काच नव्हे. काच फुटली की विमा कंपनी नवी काच देते, तिच्यावरची फिल्म देत नाही. सिरॅमिक फिल्मचे पाच आकडी बिल भरलेल्या माणसाला ही गोष्ट दाव्याच्या वेळीच कळते आणि मग गॅरेजमध्ये सर्वेअरशी, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्याशी, वाद सुरू होतो. फिल्मला संरक्षण हवे असेल तर ती विद्युत नसलेली अ‍ॅक्सेसरी म्हणून जाहीर करून तिची किंमत पॉलिसीत वेगळी दाखवून घ्यावी लागते. त्यासाठी थोडा वाढीव हप्ता पडतो आणि दरवर्षी त्या किमतीवर घसारा धरला जातो. नियमाबाहेरची गडद फिल्म जाहीर करायला गेलात तर कंपनी ती स्वीकारणार नाही, आणि जाहीर केली नाही तर तिचे पैसे मिळणार नाहीत. म्हणजे बेकायदा फिल्मवरचा खर्च हा पहिल्या दिवसापासून पूर्णपणे आपल्या जोखमीवर असतो.

पॉलिसीच्या अटींमध्ये आणखी एक वाक्य असते. वाहन सुरक्षित आणि कार्यक्षम स्थितीत राखण्यासाठी विमाधारकाने सर्व वाजवी काळजी घ्यावी, असा त्याचा आशय आहे. रात्री अंधाऱ्या रस्त्यावर अपघात झाला आणि काचा २७ टक्क्यांच्या असतील, तर सर्वेअर या अटीकडे बोट दाखवू शकतो. त्यामुळे फिल्म लावण्यापूर्वी विमा कंपनीला किंवा एजंटला ई-मेल पाठवावा. त्यात गाडीचा एमएच-१३ पासून सुरू होणारा क्रमांक, पॉलिसी क्रमांक, फिल्मचा प्रकार, काचांची मोजलेली आणि फिल्मनंतर अपेक्षित असलेली पारगम्यता, आणि ‘अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंद करता येईल का, व त्यासाठी हप्ता किती’ हा प्रश्न, एवढे चार-पाच ओळींत लिहावे. फोनवर ‘काही हरकत नाही’ असे सांगणाऱ्या एजंटचा शब्द दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. उत्तर लेखी मिळाले आणि एन्डॉर्समेंट (पॉलिसीतील बदलाची लेखी नोंद) हातात आली की मगच काम करावे.

चौथी पायरी: काम करून घेताना

फिल्म लावताना साबणाचे पाणी भरपूर वापरले जाते. दरवाजाच्या आतल्या पॅनेलवरून ते खाली उतरते आणि पॉवर विंडोच्या बटणांत किंवा स्पीकरमध्ये शिरते. आठवड्याभराने काच वर जाईनाशी झाली तर तो ‘विद्युत बिघाड’ ठरतो, आणि यांत्रिक व विद्युत बिघाड पॉलिसीतून वगळलेले असतात. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी बटणांवर जाड टॉवेल आणि त्यावर प्लास्टिक टाकायला सांगावे, आणि ते टाकेपर्यंत तेथेच उभे राहावे.

मागच्या काचेकडे विशेष लक्ष द्यावे. तिच्या आतल्या बाजूला डीफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुके घालवणाऱ्या, बारीक तपकिरी रेषा असतात आणि फिल्म त्यांच्यावरच चिकटते. जुनी फिल्म काढताना कारागिराने ब्लेड चालवले की एखादी रेषा तुटते आणि तेवढ्या पट्ट्यातले धुके पुन्हा कधीच जात नाही. वाफ देऊन, हळूहळू, रेषांच्या दिशेने फिल्म ओढावी लागते. घाईत असलेला माणूस हे करत नाही. अशी हानी अपघाती नसल्यामुळे विम्यात बसत नाही. तिची जबाबदारी दुकानावर यावी, यासाठी काम देण्याआधी डीफॉगर चालू करून दोघांनीही पाहावा आणि तसे बिलावर लिहून घ्यावे.

काम झाल्यावर प्रत्येक काचेचे पुन्हा मोजमाप घ्यावे, मीटरवरचा आकडा आणि गाडीची नंबर प्लेट एकाच फोटोत येईल असे पाहावे, जीएसटीसह पक्के बिल घ्यावे आणि त्यावर फिल्मचे नाव, मॉडेल व व्हीएलटी लिहून घ्यावी. हे सर्व कागद आरसी व पॉलिसीबरोबर गाडीत ठेवावेत. पोलिसांनी अडवल्यास नम्रपणे ते दाखवावेत. दंड झालाच तर रस्त्यावर हुज्जत न घालता चलन घ्यावे आणि म्हणणे योग्य ठिकाणी मांडावे.

टॅक्सी परवान्याच्या गाडीने मात्र या भानगडीत पडूच नये. योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीत काचांकडे हमखास पाहिले जाते, आणि प्रमाणपत्र अडकले की गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

काच फुटली किंवा अपघात झाला तर

प्रथम फोटो काढावेत, लगेच विमा कंपनीला कळवावे आणि सर्वेअर पाहून जाईपर्यंत काचेला हात लावू नये. अपघातानंतर घाईघाईने फिल्म खरवडून काढण्याचा सल्ला काही जण देतात. तो अजिबात मानू नये. काचेवर राहिलेला गोंद सर्वेअरला दिसतोच, आणि जो आक्षेप केवळ फिल्मपुरता मर्यादित राहिला असता, त्याला पुरावा लपवल्याचे स्वरूप येते. चोरट्यांनी काच फोडली असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. अनेकजण गाडीतील पिशव्या, लॅपटॉप दिसू नयेत म्हणून गडद काचांचा आग्रह धरतात, पण नेहमीच्या पॉलिसीत गाडीतील वैयक्तिक सामानाला संरक्षणच नसते. काच भरून मिळते, लॅपटॉप मिळत नाही.

लहान नुकसानीत दावा करण्यापूर्वी पुन्हा एकदा हिशेब मांडावा. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १००० रुपये आणि त्यापुढील गाडीला २००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात. समजा, दरवाजाची काच २२०० रुपयांत बसते. दावा केला तर हाती १२०० येतील. त्याच वेळी ओन डॅमेजचा हप्ता ८००० रुपये असेल आणि त्यावर ५० टक्के ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सवलत, मिळत असेल, तर पुढच्या नूतनीकरणात ४००० रुपयांची सवलत जाते, आणि ती २० टक्क्यांपासून पुन्हा मिळवत न्यावी लागते. अशा वेळी काच स्वखर्चाने बदलणेच शहाणपणाचे ठरते. पुढची काच मोठी आणि महाग असते, तेथे हिशेब उलट होऊ शकतो.

थर्ड पार्टीच्या बाबतीत, ज्याला इजा झाली त्याच्या भरपाईतून सुटण्यासाठी विमा कंपनीला कलम १५० मध्ये मोजकेच बचाव दिलेले आहेत आणि काचेवरील फिल्म हा त्यांपैकी स्वतंत्र बचाव नाही. तरीही मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालकाच्या निष्काळजीपणाची चर्चा होते, आणि रात्रीच्या अपघातात गडद काचा हा मुद्दा समोरचा वकील सोडत नाही.

दावा नाकारला गेला तर

‘बेकायदा फिल्म होती’ एवढे एकच कारण देऊन संपूर्ण दावा फेटाळला गेला, तर ते गुपचूप मान्य करू नये. नुकसानाचा आणि अटभंगाचा काही संबंध आहे का, हा येथे कळीचा प्रश्न असतो. उभ्या गाडीवर झाड पडले, मागून ट्रकने धडक दिली किंवा गाडी चोरीला गेली, तर काचेच्या गडदपणाचा त्या घटनेशी काय संबंध, असे लेखी विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध नितीन खंडेलवाल या प्रकरणात, चोरीच्या दाव्यात पॉलिसीच्या अटीचा भंग गैरलागू ठरतो, असे म्हटले. २०१० मध्ये अमलेंदू साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात, अटभंग झाला तरी दावा पूर्ण न नाकारता ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने कमी रकमेत निकाली काढावा, ही भूमिका मान्य केली. ही दोन्ही प्रकरणे खासगी गाडी भाड्याने वापरल्याची होती, फिल्मची नव्हती. तरी त्यांमागील तत्त्व आपल्या पत्रात मांडता येते.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर पुण्यातील विमा लोकपाल कार्यालयाकडे एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो, त्यासाठी शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो, पण लोकपालांपुढील प्रक्रिया सामान्य माणसाला अधिक सोपी पडते, म्हणून आधी तिकडे जावे. अर्जाबरोबर दावा नाकारल्याचे पत्र, सर्वे अहवालाची प्रत, फिल्मचे बिल, मीटरच्या आकड्यांचे फोटो आणि फिल्म लावण्यापूर्वी कंपनीला पाठवलेला ई-मेल जोडावा. सर्वे अहवालाची प्रत मागण्याचा विमाधारकाला हक्क आहे. ती न मागताच अर्ज केला तर सर्वेअरने काचांबद्दल नेमके काय लिहिले आहे हे कळत नाही, आणि उत्तर अंदाजाने द्यावे लागते.